तळटीप १७ : ‘तोंदिबीची गुरे’

१७. तोंदिबी : आजच्या माली देशात नायजर नदीकाठी, सोंघाय साम्राज्याची राजधानी गाओ हिच्या उत्तरेला असलेले ठिकाण. मार्च १५९१मध्ये येथे मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याच्या फौजेने सोंघायचा पराभव केला. सहारा ओलांडून आलेली ही फौज सुमारे ४,००० जणांची. सेनापती जुदर पाशा मूळचा स्पेनचा. सोंघायचे सैन्य कित्येक पटींनी मोठे, पण भाले, तलवारी नि तिरकमठ्यांवर विसंबलेले. समोर होत्या तोड्याच्या बंदुका आणि तोफा.

मजकुरातली गुरे याच लढाईतली. सोंघायने शत्रूच्या अंगावर गुरांचा कळप सोडला. बार उडताच तो बुजला, माघारी वळला आणि आपल्याच सैन्यात घुसला.

साम्राज्य मात्र आतून आधीच पोखरले होते. अस्किया दाऊद १५८२मध्ये वारला आणि त्याच्या मुलांत गादीसाठी भाऊबंदकी माजली. १५८८मध्ये पश्चिमेकडच्या प्रांतांनी बंड केले. अस्किया इसहाक (दुसरा) याने ते मोडून काढले, पण त्या भागाची लढाऊ ताकदच त्यात खर्ची पडली. तिकडे सुलतानाचा डोळा तगाझाच्या मिठाच्या खाणींवर आणि सोन्याच्या व्यापारावर होता.

‘अस्किया’ हे व्यक्तिनाम नव्हे. १४९३मध्ये सत्तेवर आलेल्या घराण्याची ती पदवी. पराभवानंतर या घराण्याची एक शाखा दक्षिणेला देंडी प्रदेशात टिकून राहिली, म्हणून १५९१नंतरही ही पदवी मजकुरात येते.