पदार्थविज्ञानाचा पेशा आणि समाजाची थैली

पदवी परीक्षांचे निकाल लागले की मध्यम स्थितीतल्या पुष्कळ घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला पदार्थविज्ञानाची गोडी आहे, गुणही चांगले पडले आहेत; तर पुढे एम. एस्सी. करून संशोधनाच्या वाटेला लागावे, की पोटापाण्याची एखादी नोकरी धरावी? वडीलधारी माणसे बहुधा नोकरीच्या बाजूने कौल देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वाटेवर पाचसहा वर्षे शिष्यवृत्तीवर काढायची आणि शेवटी जागा मिळेलच याची खात्री नाही, त्या वाटेला आपले मूल लावताना कोणाही आईबापांचा जीव धास्तावणारच. परंतु हा प्रश्न आजचा नव्हे. गेल्या सव्वाशे वर्षांत तो आपल्या देशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या घरीही येऊन गेला आहे. तो कसा सुटला हे पाहू लागलो म्हणजे असे दिसते, की एकट्या विद्यार्थ्याच्या बुद्धीने किंवा त्यागाने तो क्वचितच सुटला. कोणीतरी जागा, पगार आणि साधने उभी केली, तेव्हा तो सुटला. हे 'कोणीतरी' कोण होते, याची ओळख करून घेण्याचा आमचा येथे हेतू आहे.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार या नामांकित डॉक्टरांनी लोकांकडून वर्गणी जमवून 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था काढली. विज्ञान आपल्या लोकांनी शिकावे, पण त्याहून अधिक म्हणजे ते आपल्या लोकांनी करावे, आणि तेही सरकारच्या ओंजळीने पाणी न पिता, असा त्यांचा आग्रह होता. आरंभी संस्थेचे मुख्य काम म्हणजे संध्याकाळची जाहीर व्याख्याने. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफों हे पदार्थविज्ञानावर प्रयोगांसह बोलत आणि कलकत्त्याचे नागरिक ऐकायला जमत. म्हणजे या देशातल्या पदार्थविज्ञान-संशोधनाचे एक मूळ आपल्या व्याख्यानमालेसारख्याच एका उपक्रमात आहे. इमारत झाली, उपकरणे आली. पण संशोधनालाच वाहून घेतील असे पगारी प्राध्यापक नेमण्याची डॉ. सरकारांची इच्छा मात्र निधीअभावी पुरी झाली नाही. १९०४ साली ते वारले ते ही रुखरुख मनात घेऊनच.

त्या काळी पदार्थविज्ञान शिकलेल्या हिंदी तरुणापुढे वाटा तरी कोणत्या होत्या? जगदीशचंद्र बोस केंब्रिज आणि लंडनच्या पदव्या घेऊन आले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोनतृतीयांश पगार, आणि त्यातही नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याच्या निम्मा, असा तेथला न्याय होता. बोसांनी शिकवण्याचे काम चोख केले, पण तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारने नमते घेऊन त्यांना पूर्ण पगार मागील बाकीसकट दिला. ही गोष्ट बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते आणि ती तशी आहेच. आम्हांला मात्र तिची दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. तीन वर्षे बिनपगारी काढण्याचा निर्धार किती जणांना परवडला असता? ज्यांना परवडला नाही, त्यांची नावे इतिहासात नाहीत.

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या बाबतीत हा प्रश्न अगदी उघड्या स्वरूपात दिसतो. वयाच्या अठराव्या वर्षी, मद्रासला एम. ए.चा विद्यार्थी असताना, त्यांचा प्रकाशाविषयीचा निबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये छापला गेला होता. असा विद्यार्थी आज असता तर त्याला कोणत्याही संस्थेने बोलावून घेतले असते. पण १९०७ साली एम. ए. झाल्यावर त्यांच्यापुढे संशोधनाची एकही जागा नव्हती. विलायतेला जावे तर प्रकृती तेथली हवा सोसणार नाही, असा डॉक्टरचा अभिप्राय पडला. तेव्हा ते हिशेब खात्याच्या परीक्षेला बसले, पहिले आले आणि कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. एके दिवशी ट्रामने जाताना बोबझार रस्त्यावर त्यांना डॉ. सरकारांच्या संस्थेची पाटी दिसली. आत जाऊन पाहतात तो उपकरणे आहेत, दालने आहेत, पण ती वापरणारे कोणी नाही. डॉ. सरकारांचे चिरंजीव अमृतलाल तेव्हा संस्थेचे चिटणीस होते. त्यांनी या तरुण अधिकाऱ्याच्या हाती सगळी प्रयोगशाळा मोकळी करून दिली.

त्यानंतरची दहा वर्षे रामन यांनी कचेरीच्या आधी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्री तेथे काम केले. मध्यंतरी बदलीच्या चक्रात रंगून आणि १९१० साली आपले नागपूरही त्यांच्या वाट्याला आले, पण १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यास परतले. वर्गणीदारांनी तीस वर्षांपूर्वी दिलेला पैसा फुकट गेला असे १९०४ साली कोणालाही वाटले असते. तो फुकट गेला नव्हता, एका माणसाची वाट पाहत होता.

मात्र उरलेल्या वेळात केलेल्या संशोधनाने पेशा उभा राहत नाही. त्यासाठी पगारी जागा लागते. ती निर्माण केली दोन वकिलांनी आणि एका न्यायाधीशांनी. सर आशुतोष मुखर्जी हे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश आणि विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या विनंतीवरून सर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता विद्यापीठाला दिली, आणि पुढच्या वर्षी सर रासबिहारी घोष यांनी दहा लाख दिले. पालितांच्या देणगीला एक अट होती : या जागांवर हिंदी माणसेच नेमली पाहिजेत. या पैशांतून १९१४ साली सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापक म्हणून आशुतोषबाबूंनी रामन यांना बोलावले. हिशेब खात्यातल्या पगाराच्या मानाने हा पगार बराच कमी होता. खात्यात बढतीची शिडी सरळ वर जात होती आणि घरी संसार होता. तरी १९१७ मध्ये रामन यांनी ती नोकरी सोडली. अकरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्यासह चाललेल्या कामातून त्याच जुन्या संस्थेत 'रामन परिणाम' सापडला आणि १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रामन यांचा त्याग खरा. पण पालितांची थैली नसती तर त्यांना तो त्याग करण्याची संधीही मिळाली नसती.

त्याच कॉलेजात १९१६ साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोन नवे एम. एस्सी. व्याख्याते झाले. साहा हे डाक्क्याजवळच्या एका खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचे मुलगे. शाळेत असताना गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली होती. पुढे हिशेब खात्याच्या परीक्षेला बसण्याची त्यांची इच्छा होती, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना परवानगी मिळाली नाही. सरकारने एक कारकुनी अधिकारी गमावला आणि जगाला एक शास्त्रज्ञ मिळाला. या दोघांना नवे पदार्थविज्ञान शिकवणारा गुरू कोणी नव्हता. महायुद्धामुळे जर्मनीहून पुस्तके येणे बंद झालेले. तेव्हा शिबपूरच्या कॉलेजातील डॉ. ब्रूल यांच्या खाजगी संग्रहातली जर्मन पुस्तके मागून आणावयाची, ती भाषा शिकावयाची आणि जे काल रात्री वाचले ते आज वर्गात शिकवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील मूळ निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी साहांचा सूर्याच्या वातावरणातील अणूंविषयीचा प्रसिद्ध निबंध आला. ताऱ्यांच्या प्रकाशपटात दिसणारे फरक मुख्यतः तापमानामुळे पडतात, ही गोष्ट त्यांच्या समीकरणावरून स्पष्ट झाली. या सुमारास ते विलायतेस गेले त्यात प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचा आधार होता. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे आपल्या मुंबईचे कापसाचे व्यापारी, ज्यांच्या मातोश्रींच्या नावाने राजाबाई टॉवर उभा आहे. त्यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा पैसा पन्नास वर्षांनी पूर्व बंगालच्या एका दुकानदाराच्या मुलाला लंडनला पोचवतो, हा हिशेब कोणत्याही वहीत आधी मांडता आला नसता.

सत्येंद्रनाथ १९२१ मध्ये डाक्का विद्यापीठात प्रपाठक म्हणून गेले. १९२४ साली त्यांनी आपला निबंध थेट आइन्स्टाइनकडे पाठवला आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा एक व्यावहारिक भाग कमी जणांना ठाऊक असतो. बोसांनी डॉक्टरेट केलेली नव्हती. परदेशी जाण्यासाठी रजा आणि पैसे मंजूर होण्यास आइन्स्टाइनचे एक कार्ड उपयोगी पडले, आणि पुढे प्राध्यापकपद मिळण्यासही त्याचीच शिफारस कामी आली. आइन्स्टाइनचे कार्ड ज्याच्या खिशात नाही, त्याने काय करावे?

बिभा चौधुरी यांच्याजवळ असे कार्ड नव्हते. १९३६ साली कलकत्त्याच्या पदार्थविज्ञानाच्या एम. एस्सी. वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. पुढे देबेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनी छायाचित्रणाच्या काचा हिमालयाच्या उंचीवर ठेवून विश्वकिरणांचे माग टिपले आणि त्यात इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या मधल्या वजनाचे कण ओळखण्याची रीत दाखवली. त्यांचे निबंध १९४१-४२ च्या सुमारास 'नेचर'मध्ये आले. पण युद्धामुळे अधिक चांगल्या काचा मिळेनात आणि काम थांबले. युद्धानंतर इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी सुधारलेल्या काचा वापरून हीच दिशा तडीस नेली आणि १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बिभाताई मँचेस्टरला संशोधन करून परत आल्या आणि मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत काम करू लागल्या. कल्पना तीच, कष्ट तसेच. उणीव होती ती काचेच्या पट्ट्यांची. साधनाच्या अभावी संशोधन कसे अडते हे समजण्यास याहून स्पष्ट उदाहरण नको.

आता मुंबईकडे वळू. होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले ते इंजिनिअर होण्यासाठी. मुलाने परत येऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावे, असे वडिलांच्या मनात होते. मुलाचे मन पदार्थविज्ञानात गुंतले आणि त्याने घरी तसे कळवले. वडिलांनी चिडून हुकूम सोडला नाही, अट घातली. आधी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च मी देतो. होमी यांनी १९३० साली पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला. आजच्या पालकांनी ही तडजोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तीत मुलाची आवड मोडली नाही आणि बापाची काळजीही हसण्यावारी गेली नाही.

हेच भाभा १९३९ मध्ये सुटीसाठी आले असता युद्धामुळे येथेच अडकले. त्यांनी १२ मार्च १९४४ रोजी टाटांच्या विश्वस्त निधीला पत्र लिहून पदार्थविज्ञानाच्या मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची सूचना केली. अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरीच तयार असावेत, असा त्यांचा विचार होता. १९४५ साली टाटा निधी, मुंबई सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्या मदतीने संस्था निघाली आणि पेडर रोडवरील एका बंगल्याच्या भागात तिचा संसार थाटला गेला. १९५७ साली तुर्भ्याला अणुशक्ती खात्याचे ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. पदवीधराने एक वर्ष शिष्यवृत्ती घेऊन शिकावे आणि उत्तीर्ण होताच नोकरीत रुजू व्हावे, अशी ही व्यवस्था. हिशेब खात्याच्या ज्या परीक्षेकडे रामन आणि साहा यांना पाहावे लागले होते, तिच्या तोडीची खात्री पदार्थविज्ञानाला प्रथमच लाभली.

परदेशी गेलेला तरुण परत कशाने येतो, याचेही उत्तर भाभांनी दिले. अमेरिकेत असलेल्या गोविंद स्वरूप यांनी तिघा सहकाऱ्यांसह १९६१ मध्ये भारतातील संस्थांना लिहिले, की आम्ही परत येऊन रेडिओ-खगोलशास्त्र सुरू करू इच्छितो. भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये होकाराची तार केली. स्वरूप १९६३ मध्ये आले, आणि ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण १९६५ साली कल्याणजवळ उभी राहिली. तीवर नुकतीच पदवी घेतलेली मुले काम शिकली. त्यातूनच पुढे उटीची दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण झाली.

हा सारा इतिहास सांगून आम्ही आजच्या अडचणींवर पांघरूण घालू इच्छित नाही. आज वाट पूर्वीपेक्षा रुंद आहे. प्रवेशपरीक्षा आहेत, संस्था आहेत, आणि २०२३ च्या आरंभापासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. पण ती वाढ मिळावी म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा रस्त्यावर यावे लागले. नेट-सेट उत्तीर्ण झालेली, पीएच. डी. केलेली मंडळी आपल्या कॉलेजांतून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवताना दिसतात. जगदीशचंद्रांच्या हंगामी नेमणुकीची आठवण व्हावी अशीच ही स्थिती आहे. म्हणून या वाटेला जाणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक पारखून घ्यावा, छात्रवृत्ती किती वर्षांची आहे हे आधी विचारावे आणि गणित, संगणक किंवा उपकरणे यांपैकी एक कौशल्य असे पक्के करावे, की संशोधनाची जागा न मिळाली तरी पोटाची काळजी पडू नये.

हे झाले विद्यार्थ्याचे काम. आपण नागरिकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. सरकार, पालित, घोष, प्रेमचंद यांपैकी पदार्थविज्ञानाचा संशोधक एकही नव्हता. ते डॉक्टर, वकील, व्यापारी होते. आपल्या गावच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आपण कधी आत जाऊन पाहिली आहे काय? तेथे दुर्बीण असेल तर ती झाकलेली आहे की आकाशाकडे लावलेली आहे? पदार्थविज्ञान शिकवण्याच्या किती जागा किती वर्षे रिकाम्या आहेत? हे प्रश्न संस्थेच्या चालकांना विचारण्याचा अधिकार वर्गणी देणाऱ्या आणि कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. कलकत्त्याच्या लोकांनी व्याख्यानांसाठी वर्गणी दिली, तेव्हा तीस वर्षांनी कोण दार ठोठावणार हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी दार तेवढे बांधून ठेवले होते.