औषधाच्या बाटलीवरील आंकडा



साथ आली कीं घरोघरीं दोन प्रश्न उभे राहतात. औषध कोणतें घ्यावें, हा पहिला. आणि तें कोणाच्या सांगण्यावरून घ्यावें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शास्त्र देतें. दुसऱ्याचें उत्तर विश्वासावर अवलंबून असतें. मुंबईच्या प्लेगचा इतिहास पाहिला म्हणजे हा दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हें ध्यानांत येतें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. रोगापाठोपाठ अफवा पसरल्या. रुग्णालयांत नेलेला रोगी जिवंत परत येत नाहीं, असा समज झाला आणि ऑक्टोबरांत आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी-कामगारांचा जमाव चालून गेला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. सरकारचे अधिकार वाढले. विश्वास मात्र वाढला नाहीं. लोक रोगी लपवूं लागले, आणि लपविलेल्या रोग्यापाशीं वैद्य काय किंवा औषध काय, कांहींच पोहोंचत नाहीं.

याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगचे जंतु वाढवून व उष्णतेनें मारून लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी राजी झाले त्यांस ती टोंचण्यांत आली व त्यांच्यांत रोगाचें प्रमाण कमी आढळलें. तरुण आगाखानांनींही आपल्या अनुयायांसमक्ष टोंचून घेतलें. शिपायाच्या दंडुक्यानें जें साधलें नव्हतें, तें ज्याच्यावर आपला भरंवसा आहे अशा माणसाच्या उदाहरणानें साधूं लागलें.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं लस टोंचलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. हाफकिन यांस कामावरून दूर व्हावें लागलें. पण बाटल्यांवर क्रमांक होते! दगावलेले सर्वजण ५३ एन या एकाच बाटलींतील लस घेतलेले निघाले. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोंचलेले बचावले. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्टही पुढें आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं हाफकिन यांची बाजू घेतली आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त ठरले. क्रमांक नसता, तर दोष एका बाटलीचा न ठरतां सबंध लसीचा ठरला असता.

हा जुना धडा आपल्याच काळांत पुन्हा गिरवावा लागला. कोविडच्या साथींत, २०२१ सालीं, मुंबईंत कांदिवलीच्या एका गृहसंकुलांत बनावट लसीकरण झालें. प्रमाणपत्रें आलीं तीं निरनिराळ्या रुग्णालयांच्या नांवानें. तेव्हां रहिवाशांस संशय आला व फसवणूक उघडकीस आली. येथेंही कागदावरील बारीक अक्षरांनींच सत्य दाखविलें. २०२० च्या मार्चांत दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम झाले, त्यांतही औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी-क्रमांक असावा, असें सांगितलें आहे.

तेव्हां साथीच्या दिवसांत औषध घरीं आलें कीं तीन गोष्टी पाहाव्या. सांगणारा नोंदलेला वैद्य आहे काय? बाटलीवर क्रमांक व मुदत आहे काय? आणि विकणारा पावती देतो काय? ज्या औषधाचा माग काढतां येतो, त्याचा दोष दाखवितां येतो. आणि जेथें दोष दाखवितां येतो, तेथेंच विश्वास ठेवणें शहाणपणाचें असतें. शेजाऱ्याच्या निरोपावर औषध घेणाऱ्यास मात्र, कांहीं बिघडल्यास, जाब विचारावयास कोणीच सांपडत नाहीं.