घराची रोजनिशी

मराठी माणसाची टिपून ठेवण्याची संवय जुनी आहे. परंतु स्वतःविषयीं कांहीं टिपण्याचा त्याचा संकोच त्याहूनहि जुना आहे. पैशाचा, धान्याचा व वसुलाचा हिशेब त्यानें दिवसावारीं लिहिला. घरांत कोण रुसलें, कोणाच्या मनांत काय सलत राहिलें, हें मात्र कागदावर क्वचितच आलें. रोजनिशी हा शब्द आज खासगी वहीसाठीं वापरला जातो. पण त्याची जुनी जागा दफ्तरखान्यांत आहे. पेशव्यांच्या दफ्तरांत रोजचा जमाखर्च, दिलेलीं इनामें, काढलेले हुकूम व केलेले निवाडे यांची नोंद होत असे. गणेश चिमणाजी वाड यांनीं त्या अफाट कागदांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं अनेक खंडांत छापून निघाले. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं या रोजनिशांवर विवेचन लिहून त्यांचें मोल दाखवून दिलें. बखरींत राजे आणि लढाया भेटतात. रोजनिशींत रयत कशी जगत होती हें दिसतें, असा त्यांचा आशय होता. तें खरेंच आहे. तरीहि या हजारों पानांत घरची सून किंवा लहान मूल शोधूं गेल्यास तें बहुधा खर्चाच्या बाजूलाच सांपडतें. लग्नाचा खर्च, लुगड्याचा खर्च, उत्तरकार्याचा खर्च! माणूस नोंदींत येतो तो रकमेचा हात धरून.

असें कां झालें याचें उत्तर केवळ स्वभावांत नाहीं. तें लेखनाच्या साधनांतहि आहे. त्यासाठीं पुण्याच्या दफ्तरांतून बाहेर पडून मराठवाड्यांतलें एखादें गांव पाहावें. हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत शिरड शहापूर हें गांव आहे. तेथील मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळें तें यात्रेकरूंच्या परिचयाचें आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यें बदललीं, तशा लिप्याहि बदलल्या. या मुलखांत पोथी बाळबोधांत असे. व्यापाऱ्याचा रोजमेळ व गांवचें दफ्तर मोडींत असे. सरकारदरबारचा कागद उर्दूंत असे. म्हणून आजोबांची वही मोडींत, वडिलांचें शिक्षण उर्दूंत, मुलाचें बाळबोधांत आणि नातवाचें इंग्रजींत, असा क्रम मराठवाड्यांतल्या जुन्या घरांना अपरिचित नाहीं. चार पिढ्या एकाच ओसरीवर वाढतात, एकच भाषा बोलतात, आणि एकीचें लिहिलेलें दुसरीला वाचतां येत नाहीं.

मोडीची रचना पाहिली म्हणजे हें कोडें उलगडतें. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजेच लोकांचा हेमाडपंत, यानें ही लिपि रूढ केली अशी परंपरा सांगते. ज्या शैलीस त्याचें नांव चिकटलें आहे, त्या शैलीचें देऊळ शिरड शहापूरच्याच तालुक्यांत, औंढ्यास, उभें आहे. मोडींत आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखालीं अक्षरें लोंबतीं ठेवावयाचीं. बोरू शक्य तों उचलावयाचा नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळावयाचा नाहीं. दोन शब्दांत अंतरहि बहुधा ठेवावयाचें नाहीं. ओल्या शाईवर वाळू टाकली कीं पान तयार! अशा लेखनांत हात भराभर चालतो, पण वाचणाऱ्याचा डोळा मागें रेंगाळतो. शिवाय तारीख लिहावयाची ती सुहूर सनाची, आकडे अरबी शब्दांत आणि महिने मुसलमानी. कारकुनाला यांत अडचण नव्हती, कारण त्याचा मजकूर ठरलेला होता. रुपयाला खूण होती, आण्याला खूण होती, मणाला व शेराला खूण होती. मनांतल्या गोष्टींसाठीं मात्र कोणतीहि खूण ठरलेली नव्हती. त्या लिहावयाच्या तर प्रत्येक वेळीं नवीं वाक्यें जुळवावीं लागणार, आणि एकत्र कुटुंबांत तीं कोणाच्या हातीं पडतील याचा नेम नाहीं. अशा स्थितींत हिशेबाची वही वाढली आणि मनाची वही कोरी राहिली, यांत नवल नाहीं.

या नियमाला जे अपवाद आहेत ते विलक्षण आहेत. पहिला अपवाद खुद्द हिशेबाच्या घरचाच. नाना फडणीस (१७४२–१८००) यांचें आयुष्य फडावर गेलें. पण त्यांनीं पानिपतापर्यंतचें आपलें त्रोटक आत्मवृत्त लिहून ठेवलें आहे. त्यांत तारुण्यांतल्या मोहांची कबुली आहे आणि १७६१ च्या रणधुमाळींत आईची ताटातूट झाली तिची व्यथा आहे. पत्नी त्या संकटांतून वांचली; आई मात्र परत आली नाहीं. लाखों रुपयांचा मेळ घालणाऱ्या पुरुषाला ही एक नोंद कोणत्याच खात्यांत घालतां आली नाहीं, म्हणून ती निराळ्या कागदावर उतरली.

दुसरा अपवाद मराठवाड्याचा आहे आणि तो नानांच्या आधीं शंभर वर्षांचा आहे. वेरूळच्या परिसरांतील देवगांवीं १६२८ सालीं बहिणाबाईचा जन्म झाला. तिचे वडील गांवचे कुलकर्णी, म्हणजे गांवची लेखणी घरांतच होती; परंतु ती लेखणी मुलीसाठीं नव्हती. बालवयांत वयानें कितीतरी मोठ्या बिजवराशीं तिचें लग्न झालें. पुढें भाऊबंदकीच्या त्रासामुळें कुटुंबास गांव सोडावें लागलें. कोल्हापुरास असतां एका वासराचा तिला लळा लागला आणि तें मेल्यावर तिची शुद्ध हरपली. तुकोबांना तिनें गुरु मानलें, हें पतीला रुचलें नाहीं आणि तिनें मार खाल्ला. हें सर्व तिनें आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितलें आहे. संतांचें चरित्र म्हणून हे अभंग वाचले जातात. पण एका घराची रोजनिशी म्हणूनहि ते वाचण्याजोगे आहेत. नवऱ्याचा संताप, पुढें त्याचें आजारपण, त्यांतून झालेला त्याचा पालट, शेवटीं मुलाशीं बोलणें, हें सारें त्यांत क्रमानें येतें. कुलकर्ण्याच्या दफ्तरांत जें मावलें नाहीं, तें त्याच्या लेकीच्या अभंगांत मावलें.

इंग्रजी अमदानींत स्वतःची दैनंदिनी ठेवण्याची पद्धत शिकलेल्या वर्गांत रुजली. वऱ्हाडांत उमरावतीस दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांनीं कित्येक वर्षें नेमानें डायरी लिहिली. १९११–१२ मधील त्यांच्या शिर्डीच्या मुक्कामाचा भाग तर फार प्रसिद्ध आहे. ही डायरी इंग्रजींत आहे. ज्या घरांत बायकांना अक्षरओळखहि नसे, तेथें इंग्रजी वही म्हणजे आपोआप कुलूपबंद पेटीच. लिहिणाऱ्याला हवा तो एकांत तिनें दिला. परंतु त्याच कुलुपानें घरच्या माणसांना बाहेर ठेवलें, हेंहि विसरतां येत नाहीं. याच्या उलट बाजूस रमाबाई रानडे आहेत. १८७३ सालीं लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरीं आल्या, पतीच्या आग्रहानें लिहावयावाचावयास शिकल्या आणि त्यासाठीं घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचीं बोलणीं सोसलीं. त्यांच्या १९१० च्या आठवणींत एका थोर पुरुषाचें घर आंतून दिसतें. तें मराठींत आहे, म्हणून तें सर्वांचें झालें.

पुढें यंत्रें आलीं. प्रत्येक यंत्रानें सोय केली आणि प्रत्येकानें कांहीं अडवलेंहि. विल्यम केरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी टाइपांत छापला होता. पण छापखान्यास मोडीचीं जोडलेलीं वळणें परवडेनात आणि छपाई बाळबोधाकडे वळली. छापील अक्षर तें शुद्ध अक्षर, ही समजूत रुजली. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनहि मोडी गेली. टंकलेखनयंत्र आलें तेव्हां अडचण बाळबोधावर आली. इंग्रजी यंत्राच्या नव्वदएक खुणांत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें कोंबावयाचीं कशीं? यंत्र अक्षराप्रमाणें होईना, तेव्हां अक्षरानेंच यंत्राप्रमाणें व्हावें असा विचार निघाला. सावरकरांनीं पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी ही त्याच विचाराची खूण होय.

संगणकाच्या काळांत हेंच नाट्य पुन्हा घडलें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि संगणकावर भारतीय लिप्या लिहिण्याचें काम पुढें गेलें. तथापि मराठी टंक करणाऱ्या निरनिराळ्या मंडळींनीं अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिले होते. ज्या टंकांत मजकूर लिहिला तो टंक यंत्रावर नसला, तर वडिलांच्या आजारपणाचा वृत्तांत उघडावा आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसावा, असें होऊं लागलें. मजकूर जागच्या जागीं असतो, पण तो वाचतां येत नाहीं. मोडीच्या रुमालापुढें बसलेल्या नातवाची आणि अशा यंत्रापुढें बसलेल्या मुलीची हतबलता एकाच जातीची आहे. फरक इतकाच कीं मोडी दुर्बोध व्हावयास कांहीं पिढ्या लागल्या. संगणकाच्या टंकाला वीस वर्षें पुरलीं. युनिकोड या सामायिक संकेतानें हा घोटाळा पुष्कळ आवरला, आणि २०१४ सालीं खुद्द मोडीलाहि त्यांत स्थान मिळालें. परंतु लिपीला क्रमांक मिळाला म्हणून जुना कागद आपोआप बोलूं लागत नाहीं.

याचा प्रत्यय मराठवाड्यास लौकरच आला. सप्टेंबर २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. निजामकालीन दफ्तरें उघडलीं तेव्हां कागदांहून वाचणारे दुर्मिळ ठरले. उर्दू शिकस्ता व मोडी जाणणाऱ्यांची वाण भासली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजू अनेक असतील. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली. पणजोबांच्या नांवापुढें कोणीं काय लिहिलें, हा केवळ हौसेचा विषय राहिला नाहीं. कुटुंबाचा हक्क एका वाचतां न येणाऱ्या ओळीवर येऊन थांबला. हीच तऱ्हा घरगुती वहीची आहे. तिच्यावर खटला उभा राहत नाहीं, म्हणून तिचें नुकसान कोणी मोजत नाहीं.

यावर इलाज यंत्रांत शोधणें व्यर्थ आहे, असें नव्हे. पण तो एकट्या यंत्रांत नाहीं. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितां येत नव्हतें. शेतांत, जात्यावर, चुलीपाशीं सुचलेलीं त्यांचीं गाणीं चिरंजीव सोपानदेव यांनीं व घरांतल्या माणसांनीं ऐकून टिपलीं, आणि १९५२ सालीं तीं ग्रंथरूपानें बाहेर आलीं. तेथें ना मोडीची गति होती, ना यंत्राची सोय. शेजारीं ऐकणारें माणूस होतें, एवढेंच. देवगांवच्या बहिणाबाईचे अभंगहि वंशजांनीं व शिष्यांनीं जपले म्हणून उरले.

शिरड शहापूरसारख्या गांवांतून शहरांत आलेल्या घरांत आजहि माळ्यावर एखादें गाठोडें असूं शकतें, आणि खिशांतल्या यंत्रांत रोज नव्या नोंदींची भर पडत असते. गाठोड्यांतला मोडी कागद जाणत्याकडून बाळबोधांत उतरवून घ्यावा, यंत्रांतली नोंद अधूनमधून कागदावर घ्यावी, तारखेसोबत गांवाचें व माणसांचें नांव पुरतें लिहावें; आणि हें सर्व कोठें ठेवलें आहे तें घरांतल्या एका लहान माणसास तरी ठाऊक असावें. वहीचें आयुष्य शाईवर जितकें अवलंबून आहे, त्याहून अधिक तें ती उघडून वाचणाऱ्या पुढच्या पिढीवर आहे. हिशेबाच्या वहीला दर दिवाळींत पूजा मिळते. मनाच्या वहीला वर्षाकांठीं एक वाचक मिळाला तरी पुरे.