लावलेलं रान

रिओ द जानेरोत समुद्राकडे पाठ केली की शहराच्या डोक्यावर दाट रानानं भरलेले डोंगर दिसतात. ७१० मीटर उंचीच्या कोर्कोवादोवर येशूचा पुतळा, आणि त्याच्या भोवती, मागे तिजुकाचं जंगल. बहुतेक लोक पुतळा बघून खाली उतरतात. मला त्या रानानं धरून ठेवलं, कारण त्यातलं पुष्कळसं माणसांनी हातानं लावलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात या उतारांवर कॉफीचे मळे होते. झाडी तोडायची, कॉफी लावायची, जमिनीचा कस गेला की पुढचा उतार मोकळा करायचा. इकडे १८०८ मध्ये नेपोलियनच्या धास्तीनं पोर्तुगालचा राजदरबारच रिओत येऊन राहिला आणि शहर वाढत सुटलं. त्याचं पिण्याचं पाणी येई ते याच डोंगरांतल्या ओढ्यांतून. झाडी गेली, ओढे आटले, शहराच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा सरकारनं मळे ताब्यात घेतले आणि १८६१ मध्ये ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याच्या काळात रान पुन्हा उभं करायचं ठरलं. काम सोपवलं मेजर मानुएल गोमेस आर्चर याच्याकडे. पाण्यासाठी डोंगर राखावा लागतो, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना कळलं, याचं मला फार मोल वाटतं.

वाटेत एका झाडापाशी मी थबकले. बुंध्यालाच लगडलेले काटेरी फणस, खाली फुटलेल्या गऱ्यांचा तोच गोड उग्र वास आणि आठळ्यांतून उगवलेली रोपांची दाटी. सावंतवाडीच्या माणसाला परकं वाटावं असं त्यात काही नव्हतं. आपल्याकडचा फणस पोर्तुगिजांनी तिकडे नेला, तिकडचा काजू गोव्यात आणला. काजूनं कोकणाला पैसा दिला. तिथं मात्र फणस स्थानिक रोपांना वाढू देत नाही, म्हणून रान राखणारे लोक बुंध्याची साल गोल सोलून त्याला मारतात. वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर आहे.

तिथल्या मोठ्या धबधब्याला तोने या फ्रेंच चित्रकाराचं नाव आहे. आर्चरचं नावही इतिहासात आहे. पण खड्डे खणले, रोपं वाहिली ती गुलामांनी. ब्राझीलमधली गुलामी १८८८ मध्ये संपली, लावणी त्याआधीची. त्यांतल्या सहा जणांची नुसती पहिली नावं उरली आहेत, ती मराठीतही लिहिली जावीत असं मला वाटतं: एलेउतेरियो, कोन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया.