घर एक, कमाई दोन

नवराबायकोने प्राप्तिकराचा हिशेब एकत्र द्यावा की वेगवेगळा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. एक कागद की दोन, एवढेच त्याचे स्वरूप असते तर त्यासाठी श्रोत्यांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्या कागदाआड एक जुना सवाल उभा आहे : मजुरी कोणाची? जिने काम केले तिची, की ती ज्या घरात नांदते त्या घराची? आपल्याकडेही दांपत्यांना एकत्र विवरणपत्र भरू द्यावे, अशी मागणी अधूनमधून होत असते. ज्या देशाने तो मार्ग धरला, त्या अमेरिकेचा इतिहास आम्ही प्रथम पाहू.

अमेरिकेत आजचा प्राप्तिकर 1913 साली आला. एकट्या माणसाला 3,000 डॉलर माफ, एकत्र राहणाऱ्या जोडप्याला 4,000 डॉलर माफ, आणि पायाचा दर शेकडा 1. साध्या कामगाराला एवढी मिळकत तेव्हा ठाऊक नव्हती. कर श्रीमंतांचा होता आणि त्यातून वाट काढण्याची युक्तीही त्यांनाच सुचली. दर चढते असल्यामुळे एक मोठी मिळकत दोन नावांवर विभागली, की दोन्ही तुकडे खालच्या दरात बसत.

कॅलिफोर्नियातील गाय अर्ल या वकिलाने 1901 सालीच पत्नीशी करार केला होता, की दोघांपैकी कोणीही मिळवील ते दोघांचे समाईक. मग करही निम्मा निम्मा का नको? मार्च 1930 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती होम्स यांनी ते अमान्य केले. फळ ज्या झाडाला लागले त्याच झाडाचे मोजावे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वॉशिंग्टन राज्यातील सीबॉर्न यांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने निम्मी मिळकत पत्नीच्या नावे दाखवू दिली. कारण त्या राज्याच्या कायद्यानेच संसारातील कमाई मुळापासून दोघांची ठरत होती. करार केला तर चालत नाही, राज्याचा कायदा असला तर चालतो, असा हा न्याय झाला.

अशी राज्ये थोडी होती. दुसऱ्या महायुद्धात कराचे दर भडकले आणि कर कामगारांपर्यंतही पोहोचला. तेव्हा ओक्लाहोमा, ओरेगॉन, मिशिगन, नेब्रास्का वगैरे राज्यांनी लगबगीने आपले कायदे बदलून संसारातील कमाई समाईक ठरवली. पत्नीला निम्मा वाटा मिळावा, असे या विधिमंडळांना एकाएकी वाटू लागले होते काय? उत्तर लवकरच मिळाले. 1948 साली काँग्रेसने अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून देशभर संयुक्त विवरणपत्रावर मिळकत निम्मी निम्मी धरण्याची सवलत दिली, आणि पाठोपाठ या राज्यांनी आपले नवे कायदे मागे घेतले. कराची सवलत राहिली. पत्नीचा निम्मा हक्क गेला.

ही सवलत कोणाला पोचते, ते लहानशा हिशेबाने पाहू. समजा, पहिल्या 1,000 वर शेकडा 10 आणि त्यापुढे शेकडा 30 कर आहे. नवरा 2,000 मिळवतो, बायको घरी आहे. वेगळ्या हिशेबाने कर 400. निम्मे निम्मे धरले तर 200. आता बायको कामावर जाऊन 1,000 आणू लागली. वेगळ्या हिशेबाने तिच्यावर कर 100. एकत्र हिशेबात घराचा कर 200 वरून 500 वर जातो, म्हणजे तिच्या कमाईपायी 300 वाढले. दोन्ही रीतींनी एकूण कर 500 च; पण एका रीतीत घरात हिशेब होतो, की तुझ्या नोकरीत तिसरा हिस्सा करालाच जातो, मग जातेस कशाला? आणि जिथे दोघेही सारखेच मिळवतात, तिथे या विभागणीने एक पैसाही वाचत नाही. लाभ होतो तो एकाच मोठ्या पगाराच्या घराला. शिवाय अविवाहितांवर भार पडला तो निराळाच. तो हलका करण्यासाठी 1969 साली कायदा झाला, तेव्हा काही कमावत्या जोडप्यांना लग्न केल्याबद्दल अधिक कर पडू लागला.

इतर देशांनी निराळी वाट धरली. ब्रिटनमध्ये पत्नीची मिळकत ही पतीचीच मानण्याची रीत 1990 साली संपली. स्वीडनने 1971 पासून ज्याच्या त्याच्या कमाईवर वेगळा कर बसवला. भारतातही पतिपत्नींचे हिशेब वेगळेच राहिले.

याच भारतात समाईकपणाचेही एक उदाहरण आहे, ते गोव्याचे. तेथे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. वेगळा करार नसेल, तर तिच्याप्रमाणे विवाहाबरोबर मालमत्ता दोघांची होते. 1994 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात 5अ हे कलम घातले, आणि ते 1963 पासून लागू धरले. त्याप्रमाणे घरभाडे, धंदा, व्याज यांची मिळकत पतिपत्नींत निम्मी निम्मी होते आणि दोघांच्या स्वतंत्र हिशेबांत जाते; पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे राहतो. आम्हांला हा भेद शहाणपणाचा वाटतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे. एकाच्या पगारावर मुले आणि म्हातारी माणसे पोसणाऱ्या घराची कर देण्याची ताकद कमी असते. ती जाणली पाहिजे. परंतु त्यासाठी मुलांमागे, आश्रितांमागे सूट द्यावी. पत्नीच्या नावे कागदावर निम्मी मिळकत मांडून ती ताकद मोजता येत नाही. जो कर भरण्याइतकेही मिळवत नाही, त्याला तर या विभागणीचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून आमचे मत वेगळ्या हिशेबाच्या बाजूचे आहे. पत्नीला संसारात निम्मा वाटा द्यायचाच असेल, तर तो मालमत्तेच्या कायद्यात द्यावा, म्हणजे कराचे दर बदलले तरी तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. आणि पगारपत्रकावर जिची सही आहे, तिच्याच नावे त्या पगाराचा हिशेब असावा.