फसली 1340 चा कागद: स्कॅन झाला, पण सापडणार कसा?

आजचा एपिसोड जुन्या कागदांवर. बोअर होऊ नका, यात आपल्या भागातल्या जमिनीचा प्रश्न आहे.

मी गडचांदूरचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आपलं गाव आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पण सप्टेंबर 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. हा सगळा भाग तेव्हा राजुरा तालुक्यात, आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात. 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि राजुरा नांदेडला जोडला गेला. 1959 ला तो चांदा जिल्ह्यात आला. शेतकरी जागचा हलला नाही, जिल्हा मात्र तीन वर्षांत दोनदा बदलला. मग जुना कागद नेमका कुठल्या कचेरीत शोधायचा?

आणि शोधायचा कशाला? 2006 चा वनहक्क कायदा बघा. अनुसूचित जमातीत नसलेल्या दावेदाराला 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे थेट 1930! ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, पण 1930 आठवणारं माणूस आता गावात किती उरलंय?

निजामाच्या सरकारी कारभाराची भाषा उर्दू आणि साल फसली. फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे 1930 चा कागद फसली 1340 चा. तारखेच्या रकान्यात नुसतं 1340 भरलं, तर सॉफ्टवेअर त्याला बहमनी राज्याच्याही आधीचा समजेल! उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीत नाहीत, त्यामुळे एकाच गावाचं नाव दोन-तीन प्रकारे वाचता येतं.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकालीन कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हाही उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं लागलीच. स्कॅनर फक्त फोटो काढतो. म्हणून प्रत्येक स्कॅनसोबत गावाचं जुनं आणि आजचं नाव, फसली आणि इसवी साल, तेव्हाचा आणि आताचा जिल्हा एवढं तरी नोंदवायलाच हवं. नाहीतर कागद सर्व्हरवर असूनही हरवलेलाच.

तुमच्या घरच्या पेटीत असा कागद असेल तर लॅमिनेट करू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि आजीआजोबांना गावाची, टोल्यांची, शेतांची जुनी नावं विचारून आजच लिहून ठेवा.