रक्त गोठवणारे प्रथिन आणि मेंदूचा दाह

बोट कापले की काही मिनिटांत रक्त वाहायचे थांबते. रक्त गोठण्याची ही क्रिया नसती, तर किरकोळ जखमही जिवावर बेतली असती. मात्र जखम बुजवणारे हेच प्रथिन मेंदूच्या ऊतींमध्ये झिरपले, तर ते तेथे दाह वाढवते आणि चेतातंतूंची हानी घडवते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या विकाराच्या अभ्यासातून ही बाब प्रकर्षाने पुढे आली आहे.

एमएस म्हणजे काय?

आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असावे, तसे. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला चढवते. आवरण झिजले की संदेशांचे वहन मंदावते किंवा खुंटते. अंधूक दिसणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, कमालीचा थकवा ही त्याची काही लक्षणे होत. हा विकार बहुधा ऐन तारुण्यात, विशीत वा तिशीत, सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार या विकाराचे सुमारे २८ लाख रुग्ण आहेत.

जुनी शंका

एमएसमधील व्रण मेंदूतील बारीक नीलांभोवती आढळतात, हे जुन्या निरीक्षकांच्याही नजरेतून सुटले नव्हते. अमेरिकन चेतारोगतज्ज्ञ ट्रेसी पुटनम यांनी १९३०च्या दशकात असा तर्क मांडला की, या नीलांमध्ये रक्त गोठून अडथळा निर्माण होत असावा. पुढे त्यांनी रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे देऊन पाहिली. तो उपचार रूढ झाला नाही आणि ही कल्पना मागे पडली. पुटनम यांचे उत्तर अपुरे होते. पण रक्त आणि व्रण यांचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता.

फायब्रिनोजेनची दोन रूपे

फायब्रिनोजेन हे प्रथिन यकृतात तयार होते. निरोगी व्यक्तीच्या रक्तद्रवात त्याचे प्रमाण दर लिटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम असते. रक्तात विरघळलेले असताना ते निरुपद्रवी असते. जखम झाली की थ्रॉम्बिन हे विकर त्याचे रूपांतर फायब्रिनच्या धाग्यांत करते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते.

एरवी रक्तातील अशी मोठी प्रथिने मेंदूत शिरू शकत नाहीत. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात आणि हा अडसर मेंदूचे रक्षण करतो. एमएसमध्ये तो जागोजागी ढिला पडतो. फायब्रिनोजेन आत झिरपते आणि तेथे त्याचे फायब्रिन बनून साचते. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट ग्राहक असतो. फायब्रिन त्याला चिकटताच या पेशी चवताळतात, घातक द्रव्ये सोडतात व इतर प्रतिकारपेशींना पाचारण करतात. मायलिनची डागडुजी करणाऱ्या पेशींच्या वाढीलाही फायब्रिनोजेन खीळ घालते, असे २०१७ मध्ये दिसून आले. म्हणजे हानी होतेच, शिवाय भरपाईही अडते.

प्रयोगांची साक्ष

ग्रीसमध्ये शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम करणाऱ्या कॅटरिना अकासोग्लू यांच्या गटाने हा धागा चिकाटीने उलगडला. ज्यांचे रक्त नेहमीप्रमाणे गोठते, पण ज्यांचे फायब्रिन मायक्रोग्लियाच्या ग्राहकाला चिकटू शकत नाही, अशा उंदरांमध्ये एमएससदृश विकार सौम्य राहतो, असे २००७ मध्ये या गटाने दाखवून दिले. रक्त गोठणे आणि दाह वाढवणे ही एकाच प्रथिनाची दोन वेगवेगळी कामे आहेत, हे त्यातून सिद्ध झाले.

२००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरेन्स स्टाइनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएस रुग्णांच्या मरणोत्तर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींतील प्रथिनांची छाननी केली. व्रणांमध्ये रक्त गोठण्याशी निगडित प्रथिने आढळली. जळवेच्या लाळेत सापडणारे हिरुडिन हे थ्रॉम्बिनरोधक द्रव्य उंदरांना दिले असता विकाराची तीव्रता घटली.

मग रक्त पातळ करणारी गोळी का नको?

असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ही औषधे गोठण्याची क्रियाच रोखतात. त्यामुळे रक्तस्राव, प्रसंगी मेंदूतही, होण्याचा धोका असतो. एमएसवरील मान्यताप्राप्त उपचारांत त्यांचा समावेश नाही. म्हणूनच अन्य कारणासाठी डॉक्टरांनी दिलेली नसल्यास एमएसच्या रुग्णाने ती स्वतःहून घेणे सर्वथा अयोग्य होय.

संशोधकांनी वेगळी वाट धरली आहे. फायब्रिनच्या केवळ दाहकारक भागाला झाकणारे प्रतिपिंड अकासोग्लू यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोतील ग्लॅडस्टोन संस्थेत विकसित केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने उंदरांमधील एमएससदृश आणि अल्झायमरसदृश अशा दोन्ही विकारांत चेतापेशींचे रक्षण केले. गोठण्याची क्रिया मात्र अबाधित राहिली. याच गटाने २०२४ मध्ये कोविडमधील मेंदूच्या दाहातही फायब्रिनचा हात असल्याचे दाखवले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. फायब्रिन हे एमएसचे मूळ कारण नव्हे. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे अमेरिकी सैनिकांच्या २०२२ मधील मोठ्या अभ्यासात आढळले. फायब्रिन हे लागलेल्या आगीत पडणारे तेल आहे. आजची औषधे प्रामुख्याने प्रतिकारयंत्रणेला आवर घालून विकाराचे झटके कमी करतात; आतल्या आत होणारी संथ झीज थांबवणे मात्र अजून कठीण जाते. उंदरांवर गुणकारी ठरलेले प्रत्येक औषध माणसाला लागू पडतेच असे नाही. तरीही ज्या झिजेपुढे वैद्यकशास्त्र आजवर हतबल ठरले, तिच्या एका कारणावर नेमके बोट ठेवता आले आहे, ही रुग्णांच्या दृष्टीने आशेची बाब आहे.